इअरफोन घ्यावा की स्पीकरची जोडी? नव्याने ऐकायला लागणाऱ्यांसाठी

‘ऑफिसला जाता-येता कानात इअरबड्स असतातच, आता घरीही काहीतरी चांगलं घ्यायचंय, काय घेऊ?’ हा प्रश्न नुकता पगार सुरू झालेली मुलं विचारतात, तशीच कॅसेटींचं कपाट अजून न उपसलेली, निवृत्तीला आलेली मंडळीही विचारतात. दोघांनाही दुकानदार आधी वॉट सांगतो आणि इंटरनेट आधी बिट-रेट (दर सेकंदाला गाण्याचा किती डेटा जातो तो आकडा) सांगतं. माझ्या मते दोन्ही गोष्टी मागच्या रांगेतल्या. आवाज प्रत्यक्ष जिथे तयार होतो ते टोक, म्हणजे कानातला इअरफोन किंवा खोलीतला स्पीकर, आणि तो स्पीकर ज्या जागी ठेवलाय ती जागा, यांवरच निम्म्याहून अधिक निकाल ठरतो. ॲम्प (स्पीकरला ताकद पुरवणारं यंत्र), फाइल आणि केबल त्यानंतर. पैसे आणि कष्ट याच क्रमाने घालायचे, एवढं धरून पुढच्या पायऱ्या वाचा.

पायरी १: आधी स्वतःचं ऐकणं तपासा

आठवडाभर काहीही विकत घेऊ नका. आपण गाणी कुठे ऐकतो, कोणाबरोबर ऐकतो आणि काय ऐकतो, एवढंच पाहा. लोकलमध्ये, बसमध्ये आणि रात्री घरातले सगळे झोपल्यावर ऐकत असाल तर पहिला खर्च कानावर करा. स्वयंपाक करताना, चहा घेताना किंवा रविवारी सकाळी चार माणसं असताना ऐकत असाल तर इअरफोनचा तिथे काही उपयोग नाही. गाणं खोलीत वाजायला हवं.

‘काय ऐकतो’ हा प्रश्न लोक सोडून देतात, आणि मराठी घरांत तोच महत्त्वाचा असतो. १९६० च्या दशकापर्यंतची आपली बहुतेक भावगीतं, नाट्यपदं आणि चित्रपटगीतं मोनो आहेत. डाव्या-उजव्या बाजूला एकच आवाज. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची असायची आणि गाण्यांची लांबीही त्याच मापाने बेतलेली असायची. अशी गाणी इअरफोनवर ऐकली की गायक बरोबर डोक्याच्या मध्यभागी बसल्यासारखा वाटतो. स्पीकरवर तोच आवाज समोरच्या भिंतीजवळ जाऊन उभा राहतो, आणि बऱ्याच जणांना तो जास्त खरा वाटतो. तुमच्या यादीत अशीच गाणी जास्त असतील तर ‘सराउंड’, ‘थ्रीडी’ वगैरे शब्दांना पैसे मोजू नका. गळा स्वच्छ आणि भरीव ऐकवणारा स्पीकर बघा.

उलट प्रकारही आहे. स्टिरिओ नवं होतं त्या काळातल्या काही रेकॉर्डिंगमध्ये एखादं वाद्य अख्खं एका बाजूला टाकलेलं असतं. स्पीकरवर ते खपून जातं, कारण डाव्या स्पीकरचा आवाज थोडा उशिराने का होईना उजव्या कानापर्यंत पोचतोच. इअरफोनमध्ये एका कानात तबला आणि दुसऱ्यात शांतता, असं अर्धा तास ऐकलं की डोकं जड होतं. काही म्युझिक प्लेअरमध्ये एका बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या कानातही सोडणारी ‘क्रॉसफीड’ नावाची सोय असते, ती अशा वेळी चालू करा. नसेल तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘मोनो ऑडिओ’चं बटण असतं, तेही चालेल.

पायरी २: हातातला फोन नीट लावा

याला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ क्वालिटी’ उघडा. बहुतेक ठिकाणी ती ‘ऑटोमॅटिक’वर असते, म्हणजे नेटवर्क ढेपाळलं की आवाजही ढेपाळतो. वायफायवर आणि डाउनलोडसाठी सगळ्यात वरचा दर्जा निवडा, मोबाइल डेटावर मधला चालेल. स्पॉटिफायच्या फुकट वापरात कमाल १६० केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट) मिळतं, काही सशुल्क योजनांमध्ये त्याहून वर. ॲपल म्युझिकने २०२१ पासून लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळता साठवलेला, दर्जा वेगळे पैसे न घेता दिला आहे.

हे आकडे किती मनावर घ्यायचे? सीडी १९८२ मध्ये बाजारात आली तेव्हापासून तिचा दर १४११ केबीपीएस आहे. म्हणजे तासाभराच्या संगीताला सुमारे ६३५ एमबी. ३२० केबीपीएसची एमपीथ्री तेवढ्याच वेळाला १४४ एमबी घेते. १२८ आणि ३२० मधला फरक झांज, घुंगरू, तंबोऱ्याची जवारी अशा चमकत्या आवाजांत सहज कळतो. ३२० आणि सीडी यांतला फरक ओळखायला शांत खोली, चांगला हेडफोन आणि सराव लागतो, आणि एवढं असूनही पुष्कळांना तो ओळखता येत नाही. म्हणून ३२०, किंवा २५६ एएसी (एमपीथ्रीसारखाच दुसरा फाइल-प्रकार), हाताशी असेल तर फाइलची चिंता तिथेच सोडा.

खरा घोळ दुसरीकडे असतो. यूट्यूबवर कोणीतरी कॅसेटवरून उतरवून, त्यावर गोंगाट कमी करण्याचा फिल्टर मारून चढवलेलं गाणं आणि रेकॉर्ड कंपनीने मूळ टेपवरून काढलेलं तेच गाणं, यांतला फरक कोणत्याही बिट-रेटपेक्षा मोठा आहे. एकाच गाण्याच्या दोन-तीन आवृत्त्या ऐकून पाहा आणि चांगली सापडेल ती यादीत ठेवा. इक्वलायझर, ‘बास बूस्ट’, डॉल्बीचं बटण हे सगळं सुरुवातीला बंद. स्पीकर किंवा इअरफोन मुळात कसा आहे ते आधी कळू द्या.

पायरी ३: वायर की ब्लूटूथ

ब्लूटूथवर जाताना संगीत पुन्हा एकदा दाबून बारीक केलं जातं, मग मूळ फाइल लॉसलेस का असेना. कोणत्या पद्धतीने दाबायचं ते फोन आणि इअरबड्स आपसात ठरवतात. एसबीसी सगळ्यांना येतं, आयफोन एएसी वापरतो, आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्ये एलडीएसी असतं, ते ९९० केबीपीएसपर्यंत जातं. आयफोनमध्ये एलडीएसी नाही. तेव्हा आयफोनवाल्याने खोक्यावरचा तो शिक्का बघून जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही. प्रवासात मात्र साधं एएसीसुद्धा पुरतं. डब्यातल्या गोंगाटात याहून बारीक काही ऐकू येणारच नाही.

गाणं शिकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ब्लूटूथवर आवाज किंचित मागे पडतो. नुसतं ऐकताना ते कळत नाही. पण तबल्याच्या ॲपबरोबर रियाज करताना आपला आवाज माइकमधून फिरवून इअरबड्समध्ये ऐकायला गेलात, की समेवर गोंधळ ठरलेला. तिथे वायरच हवी. फोनला जॅक नसेल तर टाइप-सीमधून साडेतीन मिलिमीटरचा जॅक काढून देणारा छोटा डोंगल मिळतो. नावाजलेल्या कंपनीचा घ्या. फोनमध्ये जे काम आत व्हायचं, म्हणजे अंकांचा आवाज करण्याचं, ते आता या डोंगलमध्ये होतं.

पायरी ४: इअरफोन निवडणं आणि घालणं

वायरच्या इअरफोनमध्ये दीड-दोन हजारांत आज जे मिळतं ते चकित करणारं आहे. तेवढ्याच किमतीच्या इअरबड्समध्ये बॅटरी, चिप, माइक आणि डबी यांचाही खर्च बसवलेला असतो, त्यामुळे आवाजाच्या वाट्याला कमी उरतं. ज्याला फक्त ऐकायचंय, फोनवर बोलायचं नाही, त्याने पहिली खरेदी वायरचीच करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

‘बास नाही’ ही तक्रार आली की आधी रबरी टोप्या बदला. खोक्यात तीन मापं असतात, बहुतेक लोक लावून आलेलीच वापरतात. टोपी कानाच्या भोकात नीट बसली नाही तर खालचे स्वर बाहेर गळतात आणि उरतो तो पत्र्यासारखा आवाज. दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागणंही अगदी नेहमीचं आहे.

नॉइज कॅन्सलिंग ट्रेनची घरघर, विमानाचं इंजिन, पंखा असे सलग, खालच्या पट्टीतले आवाज चांगले कापतं. शेजारच्या गप्पा तितक्या कापत नाही. त्याचा खरा फायदा असा की गोंगाटावर मात करायला आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित धरतात, आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ९० डेसिबलपर्यंत गेलात तर आठवड्याला उरतात फक्त ४ तास. रोज दीड तास लोकलमध्ये उघड्या इअरफोनने आवाज चढवून ऐकणारा हा हिशेब तीन दिवसांत संपवतो. आणि रूळ किंवा रस्ता ओलांडताना दोन्ही कान मोकळे, याला अपवाद नाही.

पायरी ५: घरासाठी काय घ्यावं

एकटा ब्लूटूथ स्पीकर सोयीचा आहे, पण त्याला स्टिरिओ म्हणू नका. वीतभर डब्यात डावं-उजवं कितीसं वेगळं होणार? साउंडबार टीव्हीवरचे संवाद कळायला चांगला, गाण्यासाठी बहुतेक वेळा बेताचा. नव्या माणसाला मी एकच सुचवतो: ॲम्प आतच असलेल्या, म्हणजे ‘ॲक्टिव्ह’ किंवा ‘पॉवर्ड’ बुकशेल्फ (फळीवर किंवा स्टँडवर मावणाऱ्या छोट्या) स्पीकरची जोडी. साधारण दहा-पंधरा हजारांपासून बऱ्या जोड्या सुरू होतात. फोन, टीव्ही, लॅपटॉप सगळं त्यांना लागतं आणि वेगळा ॲम्प निवडायची कटकट वाचते. वेगळा ॲम्प आणि वेगळे ‘पॅसिव्ह’ स्पीकर हा मार्ग पुढे वाढवत जायची हौस असणाऱ्यांसाठी. त्यात देशी मालही आहे, कोलकात्याची सोनोडाइन बरीच वर्षं स्पीकर बनवते आहे.

वॉटचं भूत इथेच उतरवून टाकू. एके काळी आपल्याकडे टू-इन-वनच्या (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) खोक्यावर ‘१००० वॉट पीएमपीओ’, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा, असं छापलेलं असायचं आणि आतला ट्रान्सफॉर्मर जेमतेम दहा-पंधरा वॉट पेलणारा. बघायचा तो आरएमएसचा, म्हणजे सलग देता येणाऱ्या ताकदीचा, आकडा. त्याचाही बाऊ नको. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो ३ डेसिबलने, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला हवेत सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट. घरातल्या नेहमीच्या आवाजाला एखाददुसरा वॉटच खर्च होत असतो. पॅसिव्ह स्पीकर घेताना ‘सेन्सिटिव्हिटी’, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये तो किती मोठा वाजतो, ते बघा. ८७ डेसिबलवाला ८४ वाल्यापेक्षा निम्म्या वॉटमध्ये तेवढाच वाजतो. ओहमचा (स्पीकरच्या विजेला होणाऱ्या विरोधाचा) आकडाही ॲम्पच्या मागे लिहिलेल्या मर्यादेत हवा. ॲम्प ८ ओहमचा असताना ४ ओहमचे स्पीकर लावून जोरात वाजवले की तो तापतो, कधी बंदच पडतो.

दुकानात स्वतःची गाणी घेऊन जा. मी तीन गोष्टी ऐकतो. तंबोरा: तारा वेगवेगळ्या आणि झुळझुळत्या वाटतात की नुसती गूंज येते? डग्गा: ‘घे’वर मनगट दाबून काढलेली मींड स्वर बदलत सरकते की एकाच जागी ढुम्म करते? आणि ओळखीचा गळा: तो नाकातून गातोय असं वाटायला लागलं तर पुढे ऐकायची गरज नाही. पांढरी एकमध्ये जुळवलेल्या मर्दानी तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६५ हर्ट्झला असतो. फोनच्या स्पीकरला तिथपर्यंत जाताच येत नाही, पण वरचे उपस्वर ऐकून मेंदू तो खर्ज स्वतःच पुरवतो. छोट्या स्पीकरवर आपण फसतो ते असे. दोन स्पीकरची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवायला सांगा. किंचित मोठा वाजणारा नेहमीच जास्त चांगला वाटतो, आणि विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

पायरी ६: मांडणी, म्हणजे फुकटातली निम्मी सुधारणा

एक स्पीकर कपाटावर, दुसरा टीव्हीशेजारी. किंवा दोन्ही शोकेसच्या खणांत कोंबलेले. आपल्या घरांत हे दृश्य नेहमीचं. अशा जोडीवर पन्नास हजार घातले असले तरी ती पाच हजारांची वाजते.

दोन स्पीकर आणि तुमची बसायची जागा यांचा समभुज त्रिकोण करा. दहा बाय बाराच्या खोलीत स्पीकरमध्ये पाच-सहा फूट अंतर ठेवलं तर तुम्हीही पाच-सहा फुटांवर बसा. दोन्ही स्पीकर किंचित आत, तुमच्याकडे वळवा. वरचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, कानाच्या उंचीला यायला हवा. इथे आपली बैठक आडवी येते: सोफ्यावर बसलं तर कान जमिनीपासून तीन फुटांच्या वर, गादीवर मांडी घातली तर अडीच फुटांच्या आसपास. कुठे बसणार ते ठरवून स्टँड किंवा स्टूल निवडा. उंची जुळतच नसेल तर पुढच्या किंवा मागच्या कडेखाली रबराचा तुकडा सारून स्पीकर कानाकडे कलवा.

मागच्या भिंतीपासून निदान वीतभर, जमलं तर फूटभर पुढे. मागे भोक असलेल्या स्पीकरला याची जास्त गरज. कोपरा टाळा, तिथे खालचे स्वर फुगतात. खोलीच्याही स्वतःच्या खोडी असतात: दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झची लाट अडकून घुमते, बारा फुटांमध्ये ४७ ची. खोली दहा बाय दहा असेल तर दोन्हीकडून एकच स्वर घुमतो, म्हणून चौरस खोली सगळ्यात त्रासदायक. बास फार घुमतो असं वाटलं तर आधी स्वतः फूट-दीड फूट पुढे-मागे सरका. भिंतीला डोकं टेकून बसणाऱ्याला तो सर्वांत जास्त ऐकू येतो.

मग खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून झंकारल्यासारखी शेपूट आली तर भिंती आणि फरशी उघड्या आहेत. स्पीकर आणि तुमच्यामध्ये सतरंजी किंवा जाड गोधडी अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट असू द्या. अंड्यांचे ट्रे चिकटवायच्या भानगडीत पडू नका. दिसतात वाईट, आणि खालच्या स्वरांना त्यांचा काही उपयोग नाही.

शेजाऱ्यांना त्रास होतो तो मुख्यतः बासचा, स्लॅब आणि भिंतीतून जाणारा. स्पीकरखाली रबराचे किंवा फोमचे पॅड ठेवा आणि समाईक भिंतीला टेकवू नका. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबलची आहे. त्या वेळेत हेडफोन घाला.

पायरी ७: जोडणी

ॲम्प बंद करूनच वायरी लावा. दहा-पंधरा फुटांपर्यंत साधी तांब्याची १६ गेजची दोनपदरी वायर पुरते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत ती मीटरवर मिळते. सोन्याचा मुलामा, बाणांच्या खुणा असलेल्या वायरींवर पैसे उडवू नका. लाल टोक लालला, काळं काळ्याला, दोन्ही स्पीकरना सारखंच. तपासायला जुनं मोनो गाणं लावा. गळा बरोबर दोन स्पीकरच्या मध्ये यायला हवा. तो खोलीभर पसरला आणि बास हरवला तर एका स्पीकरची टोकं उलटी लागली आहेत.

फोन वायरने जोडत असाल तर डोंगलपासून आरसीएपर्यंतची (स्पीकरमागच्या लाल-पांढऱ्या गोल खोबणींत बसणारी) केबल घ्या. लाल उजवी, पांढरी डावी. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त स्पीकरच्या बटणाने करा. मागे सतत ‘हुम्म’ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबलं तर दोष अर्थिंगच्या वाटेत आहे. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या, तरी राहिलं तर केबलच्या मध्ये लावायचा, ही हुम्म तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. त्यासाठी प्लगची जाड पिन मोडायचा सल्ला देणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा.

पायरी ८: जुना माल घरात असेल किंवा घ्यायचा असेल

आजोबांच्या सीडी आहेत पण प्लेअर नाही? जुना डीव्हीडी प्लेअर सीडीही वाजवतो, फेकू नका. सीडी कॉम्प्युटरवर फ्लॅकमध्ये (लॉसलेस फाइल-प्रकारात) उतरवून ठेवा. कॅसेटींत घरच्या कार्यक्रमाचं, बारशाचं, गुरुजींच्या शिकवणीचं रेकॉर्डिंग असेल तर आधी त्या उतरवा, कारण ते कोणत्याही ॲपवर मिळणार नाही. कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट डेकमध्ये घालण्याआधी साफ करून घ्या, नाहीतर हेडही खराब होतं.

रेकॉर्ड प्लेअरची हौस असेल तर त्याला सुईचा क्षीण आवाज वाढवणारा फोनो प्रीॲम्प लागतो. काहींत तो आतच असतो, नसेल तर आवाज अगदी क्षीण येईल. सूटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर सुई जड दाबतात आणि खाचा झिजवतात. चोर बाजारातून ७८ च्या तबकड्या आणल्या तर त्यांना वेगळी, जाड सुई हवी. त्या लाखेच्या असतात, त्यामुळे स्पिरिट किंवा अल्कोहोलने पुसू नका, लाख विरघळते. सगळ्या रेकॉर्ड उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत त्या वाकतात.

जुना ॲम्प घेताना आवाजाचं बटण सावकाश फिरवा. खरखर आली तर बहुधा साफ करून जाते. एका बाजूचा आवाज मधूनच जात असेल तर काम मोठं असू शकतं. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी धाडलेलं यंत्र थेट आपल्या २३० व्होल्टला लावू नका. तिथला पुरवठा १२० व्होल्टचा असतो. मागे व्होल्टेजचा खटका आहे का बघा, नसेल तर योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल. स्पीकरची जाळी काढून कोनच्या कडेचा फोम बोटाने हलकेच दाबा. दमट हवेत तो काही वर्षांत भुसभुशीत होऊन चुरतो. रबराची कड जास्त टिकते. फोम गेला असेल तर कड बदलून देणारे कारागीर मोठ्या शहरांत अजून आहेत. त्यांच्याकडून खर्च विचारून घ्या, आणि मग विकणाऱ्याशी भाव करा.